तांबेऱ्याचे वंश आणि आपली खपली

तांबेरा पडलेल्या गव्हाच्या खोडावरून बोट फिरवलं की विटकरी भुकटी लागते. अगदी गेरूसारखी, म्हणून त्याला गेरवाही म्हणतात. त्यातला एकेक कण म्हणजे 'पक्सिनिया ग्रॅमिनिस' या बुरशीचा बीजाणू. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे लांबट, बारीक काट्यांचे. दिसायला भावंडंच, म्हणून ही एकच एकसंध जात असं वाटणं साहजिक होतं.

स्वीडनच्या याकोब एरिकसन यांनी १८९४ मध्ये दाखवलं की गव्हावरची बुरशी ओटवर नीट रुजत नाही आणि ओटवरची गव्हावर. पुढे बीजाणूंची मापं घेतल्यावर या गटांत थोडाफार लांबी-रुंदीचा फरकही सापडला. पण गव्हावरच्या गटाच्या आत काय चाललंय, ते मापांतून कळेना. तिथे झाडालाच विचारावं लागलं.

अमेरिकेत मिनेसोटाचे स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी ते केलं. गव्हाचे १२ वाण निवडायचे, रोपांवर बीजाणू सोडायचे आणि कुठल्या वाणावर मोठे फोड येतात, कुठे नुसता ठिपका पडून थांबतो, ते टिपायचं. १९२२ पर्यंत असे ३७ वंश, म्हणजे दिसायला सारखे पण वेगवेगळ्या वाणांवर पडणारे गट, वेगळे निघाले. या बारांत एक नाव होतं खपली! खिरीसाठी आणि पोळीसाठी आपल्याकडे पेरला जाणारा तोच सालीचा गहू. इतर वाण एकामागून एक बळी पडत असताना खपली बहुतेक वंशांपुढे टिकली. मला या इतिहासातली ही सर्वांत अभिमानाची गोष्ट वाटते.

वंश इतके होतात कसे? १९२७ मध्ये कॅनडात क्रेगी यांनी एक वाट उलगडली. या बुरशीचा लैंगिक संकर बार्बेरीच्या, म्हणजे दारुहळदीच्या कुळातल्या झुडपाच्या पानांवर होतो आणि तिथला गोड चिकट रस माश्या इकडून तिकडे नेतात. भारतात मात्र आग्र्याच्या के. सी. मेहता यांना बार्बेरीचा हात दिसला नाही. इथे बुरशी निलगिरीसारख्या डोंगरांत उन्हाळा काढते आणि वाऱ्यावर खाली उतरते.

मग बार्बेरीविना नवा वंश कसा घडतो? १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या युजी-९९ या वंशाने गव्हातलं एसआर-३१ हे तांबेरा रोखणारं भरवशाचं जनुक निकामी केलं. या बुरशीच्या बीजाणूत दोन केंद्रकं असतात. २०१९ मध्ये जनुकसंच वाचल्यावर कळलं, की युजी-९९चं एक केंद्रक ऑस्ट्रेलियात १९५४ पासून माहीत असलेल्या जुन्या वंशाच्या केंद्रकाशी जवळपास तंतोतंत जुळतं. दोन वंशांचे तंतू एकमेकांत मिसळले आणि अख्खं केंद्रक इकडचं तिकडे गेलं.

या युजी-९९ला रोखणाऱ्या मोजक्या जनुकांत एसआर-१३ आहे. गहू पैदासकारांना ते खपलीतूनही मिळालं.