‘ईसीयू गेलाय’ असं कुणी सांगितलं, तर…

जुन्या गाडीच्या मालकांसाठी माहितीपत्रक

गाडी सिग्नलवर बंद पडते. चेक इंजिनचा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो, मनाला येईल तेव्हा विझतो. प्लग बदलले, दोन सेन्सर बदलले, टाकीतला फ्युएल पंपही बदलला, तरी खोड जात नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘ईसीयू गेला असणार.’ त्यातला ‘असणार’ तेवढा लक्षात ठेवा. आमच्याकडे दुरुस्तीला येणारे बरेच ईसीयू मुळात धडधाकट निघतात आणि आम्ही ते तसेच परत पाठवतो. हे छापून आणणं धंद्याच्या दृष्टीने फारसं शहाणपणाचं नाही. पण चांगला ईसीयू बदलूनही गाडी तशीच राहिली, की शिव्या शेवटी आम्हालाच बसतात.

ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. कुणी त्याला ईसीएम म्हणतं. हवा किती आली, थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडला, इंजिन किती तापलंय, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) कुठे आहे हे सेन्सरकडून वाचायचं आणि इंधन किती फवारायचं, ठिणगी कधी टाकायची हे ठरवायचं, एवढं त्याचं काम. आत हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे तो इंजिनासारखा झिजत नाही. त्याला वय मारतं, नाहीतर बाहेरचं काहीतरी.

आधी बाकीच्यांची झडती

चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. नाही लागला, तर ईसीयूपर्यंत वीजच पोचत नसण्याची शक्यता मोठी: फ्यूज, मेन रिले (ईसीयूची वीज चालू-बंद करणारा स्विच) किंवा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी, गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली वायर). रिलेच्या आतला सोल्डर तडकतो, गाडी तापली की संपर्क सोडतो, आणि बदनाम होतो ईसीयू. (गाडी सेकंडहँड घेतली असेल तर दिव्याचा बल्ब जागेवर आहे ना, तेही बघा. विकताना तो काढून टाकणारे महाभाग असतात.)

बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवी. यात गडबड असेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

अर्थ तपासताना बहुतेक जण मीटर ओहमवर लावतात आणि शून्य दिसलं की निश्चिंत होतात. वायरीतल्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी ओहममीटर जवळजवळ शून्यच दाखवतो, कारण त्याचा करंट नगण्य असतो. खरी परीक्षा लोडवर होते. मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीयूच्या अर्थच्या पिनला लावा आणि इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बघा. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट सोडा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि पुन्हा घट्ट आवळा.

याहून फसवा प्रकार पाच व्होल्टचा. थ्रॉटल, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वगैरे सेन्सरना ईसीयू स्वतःकडून ५ व्होल्ट देतो आणि बऱ्याच गाड्यांत ही लाइन सगळ्यांत सामायिक असते. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा एखादी वायर एक्झॉस्टला टेकून सोलली गेली, की पाचाचं शून्य होतं. मग सगळेच सेन्सर एकदम खोटं बोलू लागतात, इंजिन सुरू होत नाही, काही गाड्यांत स्कॅनरही (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जोडला जात नाही. लक्षणं हुबेहूब मेलेल्या ईसीयूची. अशा वेळी सेन्सरचे कनेक्टर एकेक करून काढत जा आणि मीटरवर नजर ठेवा. ज्याचा कनेक्टर निघताच पाच व्होल्ट परत येतात, तो चोर. सगळे काढूनही आले नाहीत आणि वायरिंगही स्वच्छ निघालं, तर मात्र ईसीयूकडे बोट दाखवायला हरकत नाही.

‘गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू’ या तक्रारीत ईसीयूच्या बोर्डावरचा सोल्डर तडकलाय असं धरून चालतात. तडकतोही. पण क्रँक सेन्सरही नेमकं हेच करतो, आणि कितीतरी जास्त वेळा करतो. गाडी बंद पडल्याबरोबर स्टार्टर मारत स्कॅनरवर आरपीएम दिसतो का बघा. शून्य असेल तर आधी क्रँक सेन्सर आणि त्याची वायर.

स्कॅनरवर पी०६०१, पी०६०५ किंवा पी०६०६ आला, तर ईसीयू स्वतःच्याच मेमरीबद्दल किंवा प्रोसेसरबद्दल तक्रार करतोय. बॅटरी पूर्ण चार्ज करून कोड खोडा; पुन्हा आला तर ईसीयूचा डबा आमच्याकडे पाठवायला ते सबळ कारण. यू०१०० चा अर्थ मात्र ‘ईसीयूशी बोलणं होत नाही’ एवढाच. हे कोड अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचे झाले, इतरत्र त्यानंतर. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत दिव्याची उघडझाप मोजून कोड काढावा लागतो.

खरोखर गेला असेल तर कशाने गेला?

हे कळल्याशिवाय दुसरा ईसीयू बसवू नका. इग्निशन कॉइल, आयडल व्हॉल्व्ह (गाडी उभी असताना इंजिनाचा वेग सांभाळणारी झडप) किंवा इंजेक्टर (इंधन फवारणारा) शॉर्ट झाला की तो चालवणारा ईसीयूमधला ट्रान्झिस्टर जळतो. कॉइल तीच ठेवून ईसीयू बदलला तर नवाही जळतो, कधी कधी पहिल्याच स्टार्टला. म्हणून जळालेल्या ट्रान्झिस्टरचा बोर्ड आला की आम्ही तुम्हाला त्या त्या भागाचे ओहम मोजून कळवायला सांगतो. लोकांना हा छळ वाटतो. पण ते आकडे मिळेपर्यंत आम्ही बोर्ड परत देत नाही.

बाकी कारणं नेहमीचीच. जंपर केबल उलट लागणं. डायनॅमो चार्ज करतोय का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढणं. ही युक्ती कार्ब्युरेटरच्या गाड्यांत खपून जायची, ईसीयूच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज कित्येक पट उसळतं. बॅटरी न सोडवता बॉडीला वेल्डिंग करणं. काचेखालची पाण्याची वाट पानांनी तुंबून पाणी थेट ईसीयूवर उतरणं, हेही पुष्कळ. पाणी वायरिंगच्या आतूनही सरकत येतं, म्हणून कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज दिसला तर नुसता डबा बदलून भागत नाही.

१९८०च्या दशकाचा शेवट आणि १९९०चं दशक, या काळातल्या ईसीयूंचा रोग वेगळा. त्यांतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयोमानाने गळतात आणि गळलेलं द्रव बोर्डावरचं तांबं खात जातं. डबा उघडताच मासळीसारखा वास आला तर निदान जवळजवळ झालंच म्हणायचं. वेळेत आणला तर कपॅसिटर बदलून आणि तुटलेले ट्रॅक जोडून असा बोर्ड पुढे वर्षानुवर्षं चालतो.

दुरुस्ती, जुना की नवा?

या जुन्या गाड्यांसाठी आमचा कल स्पष्ट आहे: होत असेल तर तुमचाच ईसीयू दुरुस्त करावा. भंगारातून आणलेल्या ईसीयूचे कपॅसिटर तुमच्या ईसीयूतल्याइतकेच म्हातारे असतात, मग मिळवलं काय? शिवाय चावीचा प्रश्न येतो. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ईसीयू, इमोबिलायझर आणि चावीतली चिप यांची जोडी जमलेली असते. परका ईसीयू लावला तर इंजिन सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं. अशा वेळी जुन्या ईसीयूच्या मेमरी चिपमधला डेटा काढून दुसऱ्यात भरावा लागतो, किंवा त्या कंपनीच्या स्कॅनरने नव्याने जोडी जमवावी लागते. बोर्ड मधोमध जळाला असेल, पाण्याने सडला असेल, तर दुसरा पर्याय नाही, तेव्हा बदलाच.

बदलायचा झाला तर लेबलवरचा पूर्ण नंबर जुळवा, शेवटच्या अक्षरासकट. मॉडेल तेच, वर्ष तेच, पण गिअर ऑटोमॅटिक असेल तर नंबर वेगळा असू शकतो. एकाच सॉकेटमध्ये दोन्ही बसतात, फसगत तिथेच होते. डिझेल गाडीत एक काम वाढतं: कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) बऱ्याच इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला कोड नव्या ईसीयूत भरावा लागतो, नाहीतर इंजिन खडखडतं आणि धूर सोडतं.

काढताना, पाठवताना

चावी बंद करून काही मिनिटं थांबा, मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि त्यानंतरच कनेक्टर काढा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. पिनांना बोट लावू नका. डबा अँटिस्टॅटिक पिशवीत घाला. साध्या प्लास्टिकवर घासून तयार होणारी स्थिर वीज चिप मारायला पुरते. इमोबिलायझरची गाडी असेल तर त्याचा डबा आणि एक चावीही पाठवा. सोबत चिठ्ठी हवी: कधी बंद पडते, गरम की थंड, आधी काय काय बदललं. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी आमच्या फारशी कामाची नाही.

परत बसवल्यावर पहिला दिवस गाडी थोडी नाराज असेल. आयडल वरखाली होईल, कारण इंधनाच्या शिकलेल्या दुरुस्त्या पुसल्या गेलेल्या असतात. एसी, दिवे बंद ठेवून इंजिन पूर्ण तापेपर्यंत आयडलवर चालू द्या, मग शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर थोडी फिरवा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर त्याचं जुळवणं स्कॅनरने करावं लागू शकतं. प्रदूषण तपासणीला त्याच दिवशी नेऊ नका. गाडीच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं ड्रायव्हिंग लागतं आणि तोवर स्कॅनरवर त्या अपूर्ण दिसतात.

दुसरा ईसीयू बसवला असेल तर जुना लगेच भंगारात देऊ नका. तुमच्या चाव्यांचा डेटा अजून त्याच्याच चिपमध्ये आहे. गाडी महिनाभर नीट चालली आणि दोन्ही चाव्यांनी सुरू होते हे बघितलं, की मग खुशाल द्या.