हिवाळी नैराश्य, सकाळचा उजेड आणि प्राण्यांची सोबत : पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १७९० साली क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका विधवेचा तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात मृत्यू झाला. तिला भेटायला गेलेल्या क्वेकर मंडळींना आत सोडलेच नव्हते. विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने ते मनावर घेतले आणि १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ ही संस्था सुरू केली. साखळदंडांना तिथे थारा नव्हता. त्याचा नातू सॅम्युएल याने १८१३ साली या संस्थेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यात अंगणांत मोकळे फिरणारे ससे, कोंबड्या, सीगल आणि ससाणे यांची नोंद आहे. हे प्राणी केवळ रुग्णांच्या करमणुकीसाठी नव्हते. एखाद्या जिवाची काळजी घेताना माणसाच्या आटलेल्या मायेला पुन्हा पाझर फुटतो, असा तिथला अनुभव होता. मनाच्या आजारांत प्राण्यांच्या सोबतीचा इतिहास बहुधा इथूनच सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे.

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी पुढचा मुद्दा नेमका पकडला. रुग्णसेवेवरच्या आपल्या पुस्तकात, १८६० च्या सुमारास, त्यांनी लिहिले की दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांना लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबत करतो. पण त्यांचे खरे महत्त्वाचे वाक्य त्यापुढचे आहे: प्राण्याला खाऊ घालणे आणि स्वच्छ ठेवणे रुग्णाला जमत असेल, तर ते त्यालाच करू द्यावे. प्राणी नुसता समोर असणे वेगळे आणि त्याचे करणे आपल्या हाती असणे वेगळे. पुढच्या काळात हा फरक वारंवार विसरला गेला.

विसाव्या शतकात मनोरुग्णालये वैद्यकीय शिस्तीची झाली, जंतुसंसर्गाची धास्ती वाढली आणि अंगणातले प्राणी गेले. ते परतले ते जवळजवळ अपघातानेच. न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एक अबोल, कोशात गेलेला मुलगा ठरल्या वेळेच्या आधीच येऊन पोचला. खोलीत त्यांचा कुत्रा जिंगल्स होता. कुत्र्याने मुलाला चाटले, मूल त्याला बिलगले, आणि त्या सलगीच्या आडोशाने डॉक्टरांशी त्याचे नाते जुळू लागले. लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये यावर लेख लिहिला तेव्हा व्यवसायबंधूंनी थट्टा केली. फीमध्ये कुत्र्याचा वाटा किती, असेही विचारले. सत्तरच्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात सॅम्युएल आणि एलिझाबेथ कॉर्सन हे दांपत्य कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करत होते. भुंकणे ऐकून मनोरुग्ण विभागातल्या काहींनी त्या कुत्र्यांना भेटू देण्याची मागणी केली. त्यातून रुग्ण आणि कुत्रा यांच्या जोड्या लावून उपचार करण्याचे प्रयोग सुरू झाले.

हंगामी नैराश्याचा इतिहास मात्र दुसऱ्याच वाटेने आला. आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले की पुरेसा प्रखर प्रकाश माणसाच्या शरीरातले मेलाटोनिन, म्हणजे रात्री स्रवणारे झोपेशी निगडित संप्रेरक, दाबतो. घरातल्या दिव्यांइतक्या उजेडाने त्या प्रयोगात ते साधले नाही. नॉर्मन रोझेन्थाल यांच्या गटाने १९८४ मध्ये २९ रुग्णांचे वर्णन करून या आजाराला ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ हे नाव दिले. त्याची लक्षणे अशी: दर हिवाळ्यात येणारी उदासी, अतिझोप, पिष्टमय आणि गोड खाण्याची ओढ, वाढणारे वजन, आणि वसंतात उतार. एक प्रमुख उपपत्ती अशी की उशिरा उजाडल्यामुळे शरीराचे घड्याळ मागे पडते आणि सकाळचा उजेड ते पुढे ओढतो. आज उपचारासाठी रूढ असलेली प्रकाशपेटी, म्हणजे प्रखर दिव्यांची पेटी, १०,००० लक्सची असते (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आणि तिच्यासमोर सकाळी साधारण ३० मिनिटे बसायचे असते.

हे दोन इतिहास एकत्र येतात ते सकाळी घराच्या दारात. घरात साधारण १०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही बाहेर हजार ते दहा हजार लक्स मिळतो. नैराश्यात पांघरुणातून निघणे हेच सगळ्यात अवघड काम असते आणि ‘फिरायला जा’ हा सल्ला तिथेच अडतो. कुत्र्याला मात्र लघवीला जायचेच असते. तो पट्ट्यापाशी जाऊन उभा राहतो, परत येऊन हाताला नाक लावतो, पुन्हा पट्ट्यापाशी जातो. मनाला उभारी येण्याची वाट न पाहता आधी कृती करायची, हे नैराश्यावरच्या एका मान्य उपचारपद्धतीचे सूत्र आहे. कुत्रा ते रोज करायला लावतो.

म्हणून फेरी नेमकी कशी करायची, याला महत्त्व आहे. उजाडल्यावर, उठल्यापासून शक्यतो तासाभरात, रोज एकाच वेळी २० ते ३० मिनिटे. गडद चष्मा नको, टोपीची झडप डोळ्यांवर नको; सूर्याकडे थेट मात्र पाहू नये. नुसते अंगणात उभे राहून पाच मिनिटांत परतलात, तर कुत्र्याचे काम होते, तुमचे होत नाही. उत्तरेकडच्या देशांत डिसेंबरमध्ये आठ वाजताही अंधार असतो. अशा वेळी सकाळच्या फेरीतून उजेड मिळतच नाही. तिथे सकाळी प्रकाशपेटी आणि दुपारी लांब फेरी असे विभागावे लागते. डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा द्विध्रुवी विकार (कधी नैराश्य, कधी उन्माद) असेल, तर प्रकाशपेटी डॉक्टरांना विचारूनच. प्रखर प्रकाशाने उन्मादाचा झटका येऊ शकतो.

पुराव्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. १९८० मध्ये एरिका फ्रीडमन यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा मागोवा घेतला. वर्षभरात प्राणी पाळणाऱ्या ५३ पैकी ३ दगावले, न पाळणाऱ्या ३९ पैकी ११. या आकड्यांनी विषयाला वजन आले, पण नंतरच्या काही अभ्यासांत तसे दिसले नाही. कॅलिफोर्नियातल्या पाच हजारांहून अधिक मुलांच्या २०१७ च्या अभ्यासात प्राणी पाळणाऱ्या घरांतली मुले आधी सरस दिसली. घरचे उत्पन्न, राहणीमान असे घटक हिशेबात धरताच फरक नाहीसा झाला. आधीच बऱ्या स्थितीत असलेली माणसे प्राणी पाळतात, हा घोळ इथे सतत होतो. उलट दक्षिण कोरियात वृद्धांना आठ आठवडे रातकिडे सांभाळायला दिले, तेव्हा नैराश्याच्या मोजमापात थोडी सुधारणा आढळली. रातकिडा काही कुशीत येत नाही. तरीही फरक पडला, याचा अर्थ नाइटिंगेल यांचे बोट योग्य जागी होते असे आम्हाला वाटते.

फसते ते बहुधा वेळेमुळे. ऐन खोल नैराश्यात पिल्लू आणणे ही हमखास चूक: पिल्लू रात्री दोन-तीनदा उठवते, आणि तुटलेली झोप आजार वाढवते. आणायचेच असेल तर उतार पडल्यावर, वसंतात, आणि शांत स्वभावाचा प्रौढ कुत्रा. म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत सवय बसते. तोवर शेजाऱ्याच्या कुत्र्याला आठवड्यातून तीन सकाळी फिरवण्याची जबाबदारी घेता येते. कोणीतरी ठरल्या वेळी आपली वाट पाहते, हा भाग त्यातही असतो. मांजराने पहाटे चारला उठवू नये म्हणून रात्रीचे खाणे झोपण्याआधी द्यावे आणि पहाटेच्या ओरडण्याला दाद देऊ नये.

प्राण्याकडेही लक्ष हवे. तो वारंवार ओठ चाटू लागला, झोप नसताना जांभया देऊ लागला, तोंड फिरवू लागला, तर तो ताणाखाली आहे. मिठी तिथेच सोडावी. गोळ्या आणि समुपदेशन प्राण्याच्या भरवशावर बंद करू नयेत, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अनेक जण ‘मग याला कोण बघेल’ म्हणून दाखल होण्याचे टाळतात. त्यासाठी बरे असतानाच एक कागद लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा: प्राण्याचे नाव, खाण्याचे प्रमाण आणि वेळा, औषधे, पशुवैद्याचा नंबर, किल्ली कोणाकडे आहे, आणि पहिले तीन दिवस त्याला कोण नेणार.