मटण परतलं की रस आत कोंडतो? नाही हो!
स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) मटण-बटाटा-गाजर लावायचं म्हटलं की कुणीतरी सांगतंच, आधी तव्यावर परतून घे म्हणजे रस आत कोंडतो. ही कल्पना १८४७ साली लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टने मांडलेली, पुढे ती चुकीची ठरली. परतलेला तुकडा ताटलीत पाच मिनिटं ठेवून बघा, खाली पाणी साचतंच, मग कोंडलं काय डोंबल? पण परतणं सोडू नका हां, खरपूस चव तिथूनच येते; त्याला तव्याची जोरदार आच लागते, आणि स्लो कुकरमधल्या रश्श्याचं तापमान काही १०० डिग्रीच्या वर चढत नाही. मऊपणा हवा तर खांद्याचा चिवट तुकडा घ्या, ‘लो’ सेटिंगवर ७-८ तासांत त्यातलं कोलॅजन (मांसाला चिवट करणारं प्रथिन) विरघळतं नि रस्सा बोटांना चिकटतो. आणि बटाटे-गाजर तळाशी घाला, शिजायला मटणापेक्षा तेच जास्त हट्टी.