बचत गटाला बँकेचं पहिलं कर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

गट सुरू होऊन सहा महिने झाले, आता बँक कर्ज देईल का? बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो. उत्तर 'हो' असं आहे. पण हे सहा महिने बँकेत खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही, तर गटाच्या वह्यांवरून मोजतात. रिझर्व्ह बँकेचा तसा स्पष्ट नियम आहे. खातं उघडायला उशीर झाला, पण पहिल्या बैठकीपासूनच्या नोंदी नीट असल्या, तर तुमचे महिने वाया गेले नाहीत. उलट खातं वर्षभर जुनं आणि वही कोरी असेल, तर अर्ज तिथेच अडतो.

१९९२ मध्ये नाबार्डने (शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक) ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून तारणाच्या जागी गटाची शिस्त धरली जाते. आज ग्रामीण भागात हे काम राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून चालतं. महाराष्ट्रात आपण त्याला 'उमेद' म्हणून ओळखतो.

पात्रता

गटात १० ते २० महिला हव्यात. दुर्गम भागात किंवा अपंग सभासदांच्या गटात पाच जणीही चालतात. वीस सभासदांपर्यंत गटाची कुठेही कायदेशीर नोंदणी करावी लागत नाही, त्यामुळे नोंदणी करून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. एका बाईने एकाच गटात असावं.

यापुढची अट पंचसूत्रीची: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज (गटाच्या पैशातून सभासदांना दिलेलं), नियमित परतफेड, नियमित हिशेब. यावरच बँक गटाची प्रतवारी करते. मध्येच बंद पडलेला गट पुन्हा उभा राहिला आणि किमान तीन महिने नीट चालला, तर तोही पात्र ठरतो.

एका गैरसमजापायी कितीतरी गट अर्जच करत नाहीत. एखादीच्या नवऱ्याचं पीककर्ज थकलंय, मग आपल्याला कोण देणार, असं त्या धरून चालतात. गट स्वतः थकबाकीत नसेल, तर एखाद्या सभासदाच्या किंवा तिच्या घरच्यांच्या थकबाकीमुळे सबंध गटाचं कर्ज सहसा अडवता येत नाही. फक्त बँकेची जी थकबाकीदार आहे, तिला या कर्जातून रक्कम देता येत नाही.

वही

मी हिशेब लिहायला लागले त्या वर्षीची गोष्ट. बँकेचे साहेब येणार म्हणून आम्ही चार महिन्यांची इतिवृत्तं आदल्या रात्री बसून लिहिली. साहेबांनी पानं उलटली, पाच तारखांच्या सह्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "चार महिने एकच पेन पुरलं का?" सगळीकडे तीच निळी शाई आणि सह्यांचा तोच क्रम. पैसे खरे होते, बचत खरी होती, पण अर्ज तीन महिने पुढे गेला. तेव्हापासून आमच्या गटात बैठक उठायच्या आत वही पूर्ण होते. कोण हजर, कुणी किती भरले, कुणाला कशासाठी किती दिले, हातात किती राहिले, एवढं लिहून सह्या झाल्याशिवाय सतरंजी उचलायची नाही.

कागदपत्रं

बचत खातं उघडताना गटाचा ठराव, नियमावली, सभासदांची यादी आणि अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांचे फोटो व आधार लागतात. या टप्प्यावर सगळ्या सभासदांची केवायसी (ओळख आणि पत्त्याची पडताळणी) लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. बाकीच्यांची कर्जाच्या वेळी होऊ शकते. गटाच्या पॅनसाठीही बँकेने अडून बसू नये, त्याऐवजी पॅन नसल्याचं घोषणापत्र, म्हणजे फॉर्म ६०, चालतो.

कर्जाच्या अर्जाबरोबर कर्ज मागण्याचा ठराव, सभासदांचा आपसातला करारनामा, बँकेशी करायचा करारनामा, गटाच्या वह्या आणि पत आराखडा (कुणाला कशासाठी किती हवेत याचा कागद) द्यायचा. ठराव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच सह्या-अंगठे घ्या. कर्ज गटाच्या नावावर असतं आणि फेडीची जबाबदारी सगळ्यांवर येते. हे पहिल्या दिवशी कळलेलं बरं, हप्ता चुकल्यावर नव्हे.

किती मिळेल?

पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. निधी म्हणजे नुसती बचत नव्हे. अंतर्गत कर्जावरचं व्याज, फिरता निधी (अभियानाकडून गटाला मिळालेली रक्कम), इतर उत्पन्न, सगळं त्यात धरायचं. समजा, बारा जणी महिना शंभर रुपये टाकतात. सहा महिन्यांत ७,२०० झाले, व्याजाचे ८०० आले आणि फिरता निधी २०,००० मिळालेला आहे. निधी झाला २८,००० आणि त्याची सहापट १,६८,०००. फिरता निधी धरायचा राहिला, तर आठ हजारांची सहापट ४८,०००च होते आणि गट दीड लाखावरच थांबतो. अठरा हजारांचा फरक फक्त बेरजेतल्या चुकीमुळे.

दहा लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही भरायचा नाही. या कर्जासाठी गटाचं बचत खातं गोठवता येत नाही आणि ठेव ठेवा अशी सक्तीही करता येत नाही. तसं कुणी सांगितलं तर वाद न घालता नियम लेखी मागा आणि तालुक्याच्या अभियान कक्षाला कळवा. शाखेत बँक सखी, म्हणजे गटांच्या कामात मदत करणारी बाई, असेल तर आधी तिला गाठा, निम्मं काम तिथेच होतं.

आराखडा आणि परतफेड

पत आराखडा म्हणजे प्रत्येकीला कशासाठी, किती आणि कधी पैसे हवेत याचा कागद. बारा जणींपुढे 'शेळीपालन' एवढंच लिहून आणलेला आराखडा मी पाहिला आहे. असं करू नका. एकीला शिलाई मशीन हवं असेल, दुसरीला सावकाराचं देणं फेडायचं असेल, तर ते तसंच लिहा. सावकाराचं महागडं कर्ज फेडणं हे मान्य कारण आहे. मात्र दोन लाखांच्या वरच्या कर्जात किमान अर्धी रक्कम कमाईच्या कामाला लागली पाहिजे, चार लाखांच्या वर ७५ टक्के.

पहिल्या कर्जाची मुदत २४ ते ३६ महिने. अभियानातल्या महिला गटांना तीन लाखांपर्यंत सात टक्के व्याज पडतं. या दराने दीड लाखाचा ३६ महिन्यांचा हप्ता साधारण ४,६३० रुपये, बारा जणींत वाटला तर प्रत्येकी ३८६ च्या आसपास. हा आकडा अर्ज करण्याआधी बैठकीत फळ्यावर लिहा आणि एकेकीला विचारा, दर महिन्याला जमेल का. जिला जमणार नाही, तिची रक्कम तेव्हाच कमी करा.

कर्ज चालू असताना बचत आणि अंतर्गत कर्ज बंद ठेवू नका. दुसरं कर्ज तेव्हाच्या निधीच्या आठपट किंवा किमान तीन लाख, यातलं जे जास्त ते असतं, आणि तेव्हाही साहेब आधी वहीच मागतात.