एस्कॉर्ट घरच्या गॅरेजात कशी शिरली

जुनी रॅली कार घरी उभी करायची म्हटलं की ब्रिटन आणि आयर्लंडमधले हौशी लोक अजूनही फोर्ड एस्कॉर्टचंच नाव आधी घेतात. पहिलं मॉडेल १९६८चं, दुसरं १९७५चं. मिनीचे आणि लान्चियाचेही भक्त आहेतच. पण गंजलेला सांगाडा विकत घेऊन वर्षानुवर्षांचे रविवार त्यात घालवायचे तर एस्कॉर्ट, असं का झालं, याची बहुतेक कारणं १९६० ते १९८० या वीस वर्षांत सापडतात.

१९६०पर्यंत ब्रिटनची आरएसी (रॉयल ऑटोमोबाइल क्लब) रॅली म्हणजे मुख्यतः सार्वजनिक रस्त्यांवर ठरलेली वेळ गाठण्याची स्पर्धा होती. त्या वर्षी संयोजक जॅक केम्स्ली यांनी स्कॉटलंडमध्ये वनखात्याच्या खडीच्या रस्त्यावर, वाहतूक बंद ठेवून भरधाव पळण्यासाठी, एक छोटा टप्पा मिळवला आणि पुढच्या वर्षापासून असे टप्पे वाढत गेले. लाकूड वाहून नेण्यासाठी केलेले हे जंगलातले रस्ते. त्यांवरून गाडी भरधाव नेली की इंजिनाच्या आधी पत्रा बोलू लागतो: सस्पेन्शनच्या बैठकांना चिरा जातात, तळ फाटतो, वेल्डिंग सुटतं. छोट्या क्लबांचे स्पर्धक शनिवारी गाडी ठोकत आणि पुढच्या स्पर्धेआधी घरीच सांधत. त्यामुळे रॅली कार घरी दुरुस्त करणं ही तिथे नंतर उगवलेली हौस नाही, रॅलीइतकीच जुनी गोष्ट आहे.

एस्कॉर्ट या लोकांच्या हातात बसली, कारण तिच्यात लपवाछपवी काहीच नव्हती. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेल्या मेकॅनिकला तिच्या खाली शिरून बुचकळ्यात पडायला झालं नसतं. तिचं साधं ‘केंट’ इंजिन फोर्डच्या इतर गाड्यांत आणि फॉर्म्युला फोर्ड या छोट्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतींतही होतं, म्हणून सुटे भाग मुबलक आणि ते चोळून-घासून ताकद वाढवणारे कारागीरही मुबलक.

या साधेपणाची मोठी परीक्षा लांब पल्ल्याच्या रॅलींत झाली. १९६८च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनमध्ये गाड्या मुंबईपर्यंत रस्त्याने आल्या आणि ‘चुसान’ जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईत रॉजर क्लार्कची फोर्ड लोटस कॉर्टिना आघाडीवर होती. ऑस्ट्रेलियात यांत्रिक बिघाडांनी ती मागे पडली आणि जिंकली अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर, म्हणजे चारचौघांसारखी फॅमिली कार. दोन वर्षांनी लंडन–मेक्सिको वर्ल्ड कप रॅलीत फोर्डने एस्कॉर्टमध्ये ऐटबाज ट्विन-कॅम (वर दोन कॅमशाफ्ट असलेल्या) इंजिनाऐवजी साधं, जुन्या पद्धतीचं पुशरॉड इंजिन, १८५० सीसीपर्यंत वाढवून, बसवलं. हानू मिकोला आणि गुन्नार पाल्म सुमारे २६,००० किलोमीटरची ही रॅली जिंकले.

खरा चतुरपणा त्यानंतरचा. १९७०च्या अखेरीस फोर्डने ‘एस्कॉर्ट मेक्सिको’ बाजारात आणली. ‘बीडीए’ या १६ व्हॉल्व्हच्या रेसिंग जातीच्या इंजिनाची एस्कॉर्ट आरएस१६०० त्याआधीच आली होती. या गाड्या एसेक्समधल्या एव्हीओ या फोर्डच्याच छोट्या कारखान्यात मजबूत केलेल्या सांगाड्यांवर बनत, आणि रॅलीचे भाग ठराविक डीलरांकडे कुणालाही विकत मिळत. म्हणजे बोरहॅमच्या फोर्ड संघाची गाडी आणि क्लबवाल्याची गाडी यांत फरक पैशाचा आणि चालकाचा, जातीचा नव्हे. १९७२ ते १९७९ सलग आठ आरएसी रॅली एस्कॉर्टने जिंकल्या, आणि त्या काळात साध्या ११०० सीसीच्या एस्कॉर्टच्या दोन दरवाजांच्या सांगाड्यातून कितीतरी जणांनी घरी ‘मेक्सिको’ घडवल्या. १९८२नंतरच्या ग्रुप बी या खास रॅलीसाठी बनलेल्या गाड्यांच्या बाबतीत हे शक्यच नव्हतं. अशा गाड्या २०० बनवल्या की नियमाचं काम भागत होतं.

मोठ्या संघांची सवयही इथे ध्यानात घ्यायला हवी. सांगाडा थकला की नवा घ्यायचा, जुन्याचे भाग त्यात चढवायचे आणि नंबरप्लेट तीच लावायची. ॲबिंग्डनला बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या रॅली संघात मिनींच्या बाबतीत हे सर्रास चाले. म्हणून ‘अस्सल फॅक्टरी गाडी’ म्हणून कुणी फुगवून किंमत सांगितली की मला आधी हसू येतं.

घरच्या दुरुस्तीला आणखी चालना मिळाली ती मिग वेल्डिंगचे (विजेच्या ठिणगीने, सतत सरकणाऱ्या तारेने जोडण्याचे) छोटे संच हौशी लोकांना परवडू लागले तेव्हा. गॅस वेल्डिंगच्या आचेने पातळ पत्रा वाकायचा; मिगने थोडं थोडं, जागा बदलत जोडता येऊ लागलं. एस्कॉर्टचा गंज ठरलेल्या जागी असतो: पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठका, बॅटरीखालचा पत्रा, दाराखालचे सिल, मागच्या पाट्यांचे आधार. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप जोडून घ्यावे लागतात, नाहीतर सांगाडा पिळतो आणि नंतर दार काही केल्या बसत नाही. नव्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डिंगने भरली की कारखान्यातल्या स्पॉट वेल्डसारखा जोड मिळतो. काम झाल्यावर पोकळ भागांत मेण फवारायचं; कारखान्याने तेवढं केलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं.

आता चांगला जुना सांगाडा मिळणंच महाग झालं आहे, आणि वेल्समध्ये नव्या पत्र्यापासून आख्खी एस्कॉर्ट बनवून देणारी कंपनी आहे. ऐतिहासिक रॅलींत उतरायचं तर एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचा तांत्रिक पासपोर्ट लागतो. गाडी त्या काळच्या तपशिलांबरहुकूम आहे, एवढंच तो सांगतो. ती त्या काळी कोणी आणि कुठे चालवली, याची हमी तो देत नाही.