विलापस्तोत्र

विलापस्तोत्र : संकटात, आजारपणात किंवा जवळच्या माणसाने दगा दिल्यावर देवापुढे मांडलेले पद्यरूप गाऱ्हाणे. हिब्रू बायबलातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे या प्रकारात धरतात. सामुदायिक विलापाचा विचार येथे केलेला नाही; मित्राच्या विश्वासघातामुळे आलेला वैयक्तिक विलाप, मुख्यतः स्तोत्र ४१ व ५५, एवढीच या नोंदीची मर्यादा आहे. वचनांचे आकडे रूढ मराठी बायबलाप्रमाणे दिले आहेत. हिब्रू संहितेत शीर्षकही वचन म्हणून मोजत असल्याने तेथे ते बहुधा एकाने पुढे जातात.

हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) या जर्मन अभ्यासकाने केलेली प्रकारवार मांडणी आजही पायाभूत मानली जाते. देवाला हाक, गाऱ्हाणे, मागणे, भरवशाची कबुली आणि सुटकेनंतर स्तुती करण्याचा नवस हे विलापाचे घटक होत. त्यांचा क्रम मात्र पक्का नसतो. सहाच वचनांच्या तेराव्या स्तोत्रात ही घडण स्वच्छ दिसते. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोहोंत मागणे आणि शेवटच्या दोहोंत भरवसा. क्लाउस वेस्टरमान हा दुसरा जर्मन अभ्यासक गाऱ्हाण्याला तीन दिशा मानतो : देव, स्वतः आणि शत्रू. विश्वासघाताच्या स्तोत्रांत शत्रूविषयीचा भाग साहजिकच वाढतो. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हा बरोबरीचा, देवाच्या मंदिरात सोबत चालणारा, असे गाऱ्हाणे ५५:१२–१४ (स्तोत्र ५५, वचने १२–१४) मध्ये आहे. ४१:९ मधील मित्र तर एका ताटातला. त्यानेच टाच उगारली. हेच वचन योहानाच्या शुभवर्तमानात (१३:१८) येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत याला लावले आहे.

पंचावन्नाव्या स्तोत्रातला मित्र कोण, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इस्राएलाचा राजा दावीद याचा मंत्री अहिथोफेल हा राजपुत्र अबशालोमाच्या बंडात सामील झाला (२ शमुवेल १५–१७), तोच हा, असे यहुदी परंपरा मानते. शीर्षकात दाविदाचे नाव आहे, पण स्तोत्र ३ किंवा ५४ प्रमाणे प्रसंग दिलेला नाही. शिवाय राजाने पदरच्या मंत्र्याला ‘माझ्या बरोबरीचा’ म्हणावे हे काहीसे खटकते. ही ओळख नंतर जोडली गेली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. रचनाकाळाविषयी बाबिलोनी बंदिवासापूर्वीचा (यहुद्यांना बाबिलोनला नेले तो काळ) आणि नंतरचा अशी दोन्ही मते आहेत. अंतर्गत पुराव्यावरून निर्णय करणे कठीण आहे.

याहून मोठा वाद आहे तो कलाटणीचा. रडगाणे चालू असताना अचानक ‘देवाने ऐकले’ असा सूर लागतो (६:८, २८:६). योआखिम बेग्रिख या जर्मन अभ्यासकाने १९३४ मध्ये असे मांडले, की मध्यंतरी याजक ‘भिऊ नको’ अशा अर्थाचे देववचन उच्चारत असे आणि त्याने धीर येई. १ शमुवेल १ मधील हन्नेची कथा या मताला पोषक आहे : मूल नसल्याने रडत प्रार्थना करणाऱ्या हन्नेला एली या याजकाने ‘शांतीने जा’ म्हटल्यावर ती जेवते आणि तिचा चेहरा उतरलेला राहत नाही. परंतु असे देववचन स्तोत्रांत क्वचितच टिकले आहे (१२:५, ६०:६–८). दुसऱ्या मताप्रमाणे हा पालट प्रार्थना करता करताच घडतो. पंचावन्नाव्या स्तोत्रापुरते हे मत जवळचे वाटते, कारण तेथे कलाटणी एकदाच होत नाही. १६–१९ मध्ये भरवसा येतो, २०–२१ मध्ये लोण्यासारखे मऊ बोलणारा मित्र पुन्हा आठवतो आणि मगच ‘आपला भार परमेश्वरावर टाक’ हे बाविसावे वचन येते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर कलाटणीच नाही. ते अंधारातच संपते.

मेसोपोटेमियातही मित्र उलटल्याचे गाऱ्हाणे आढळते. मार्दुक देवाला उद्देशून रचलेले ‘लुद्लुल बेल नेमेकी’ हे अक्कादी काव्य त्याचे परिचित उदाहरण आहे.

खाजगी प्रार्थनेत ही स्तोत्रे सावकाश, मोठ्याने म्हणतात; संध्याकाळ, सकाळ व दुपार अशा तीन वेळा ५५:१७ मध्येच आल्या आहेत. मन थाऱ्यावर नसताना लांब स्तोत्र पेलत नाही, अशा वेळी तेरावे सोयीचे पडते. निवडीत एक चूक हमखास होते. एकेचाळिसाव्यातील वक्ता आजारी आहे आणि चौथ्या वचनात आपल्या पापाची कबुली देतो. दगा झालेल्या माणसाने तेथून सुरुवात केल्यास दोष स्वतःकडेच वळण्याचा संभव असतो. पंचावन्नाव्यात अशी कबुली नाही. दुसरी चूक बाविसावे वचन सुटे काढून सांत्वनासाठी देण्याची. मूळ क्रमात त्याआधी भीती, पंख लावून उडून जाण्याची इच्छा (६–८), नाव न घेता केलेला आरोप आणि शापही येतो. एवढे गाळले की वचन उपदेशासारखे ऐकू येते. समेटाची मागणी स्तोत्रात कोठेही नाही, त्यामुळे दगाबाजाकडे परत जाण्याचा आग्रह धरण्यास त्याचा आधार घेता येत नाही.

शापवचनांचे काय करावे यावर एकमत नाही. रोमन कॅथलिक प्रहरप्रार्थनेच्या (दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या प्रार्थनांच्या) १९७१ च्या सुधारित आवृत्तीत ५८, ८३ व १०९ ही स्तोत्रे पूर्णपणे वगळली आहेत. पंचावन्नावे ठेवले आहे, पण त्यातील ‘मृत्यू त्यांना अकस्मात गाठो’ या आशयाचे पंधरावे वचन गाळून.