पॉम्पेईच्या 'त्या' लाल भिंती आणि गुप्त पंथाची गोष्ट

पॉम्पेई या इटलीतल्या प्राचीन रोमन शहराच्या वेशीबाहेरच्या 'व्हिला ऑफ मिस्टरीज'मधली लाल भिंतीवरची चित्रं सगळ्यांनी पाहिलीयत, आणि खाली ठरलेली कॅप्शन असते की इथे डायोनिसस या मद्याच्या ग्रीक देवाच्या पंथाची गुप्त दीक्षा चालायची. हे असं छातीठोक सांगता येत नाही हो.

एकतर ते नाव ('मिस्टरीज' म्हणजे गुप्त विधी) रोमन लोकांनी दिलेलंच नाही, 1909 ला खोदकामात चित्रं सापडली आणि मग अभ्यासकांनी लावलेल्या अर्थावरून नाव पडलं. आणि ती खोली बहुधा मेजवानीची, म्हणजे पाहुणे येणार, जेवणार, भिंती बघणार, मग गुप्त काय राहिलं?

चित्रांत डायोनिसस आहे, चाबूक उगारलेली पंखवाली बाई आहे, तिच्या पुढे तिसऱ्याच बाईच्या मांडीत डोकं खुपसून बसलेली दुसरी, त्यामुळे दीक्षेचा अर्थ अगदीच हवेतला नाही. पण शेजारीच एक बाई केस विंचरून घेतेय आणि छोटा क्युपिड (प्रेमाचा देव) आरसा धरून उभा, म्हणजे नवरीची तयारी वाटावी असंच! म्हणून इतिहासकार पॉल व्हेन म्हणाले की हे लग्नाचं चित्रण आहे. मला स्वतःला हे जास्त पटतं.

2025 मध्ये पॉम्पेईतच अशी आणखी चित्रं जाहीर झाली, तीपण मेजवानीच्याच दालनात.